विजेवाचून निर्मळ पाणी

शहरातील स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली आणि आपला इवलासा दिवा अहोरात्र तेवत ठेवणारी पेटी म्हणजेच जलशुद्धी, अशी समजूत गेल्या दोन-तीन दशकांत आपल्या सुशिक्षित वर्गात इतकी दृढमूल झाली आहे की, ज्या गावी वीज पोहोचली नाही, अथवा पोहोचूनही ऐन पावसाळ्यात दिवसचे दिवस बेपत्ता असते, त्या गावच्या माणसाला शुद्ध पाणी मिळणे अशक्यच, असे आपण फारसा विचार न करता गृहीत धरतो. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणीच्या डोंगरांवर विखुरलेले पाडे, मेळघाटातील कोरकूंची गावे, पर्लकोटेला पूर आला की उर्वरित जिल्ह्यापासून तुटून पडणारा गडचिरोलीतील भामरागडचा टापू, यांची नावे निघाली म्हणजे आधी वीज नेऊ आणि मग पाण्याचे पाहू, हाच क्रम सर्वांना स्वाभाविक वाटतो.

या क्रमाचा फोलपणा २०२२ च्या जुलै महिन्यात मेळघाटानेच दाखवून दिला. चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांच्या पाणीयोजनेची वीज थकबाकीपायी तोडली गेली होती. नळ कोरडे पडल्यावर लोकांनी उघड्या विहिरीचा आश्रय केला, आणि त्या दूषित पाण्याने अतिसाराची साथ उसळून अनेकजण अंथरुणाला खिळले व काही दगावले. वीज गेली म्हणून माणसे गेली, असे या घटनेचे वर्णन करणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. वीज गेल्याने नळ बंद पडला, इतकेच खरे. विहिरीचे पाणी पिण्याजोगे करण्यास विजेची गरज नव्हती. त्यासाठी हवी होती थोडीशी जंतुनाशक पूड, एक पोहरा, तासाभराचा अवधी, आणि हे काम आपले आहे असे मानणारा एक मनुष्य.

पाणी दूषित होते म्हणजे त्यात तीन अगदी भिन्न जातींच्या गोष्टी मिसळतात, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. पहिली म्हणजे माती, पालापाचोळा, गाळ, जी डोळ्यांना दिसते आणि म्हणून जिची आपल्याला भीती वाटते. दुसरी म्हणजे मानवी व जनावरांच्या विष्ठेतून येणारे पटकी, विषमज्वर, अतिसार, कावीळ यांचे जंतू, जे दिसत नाहीत आणि म्हणून ज्यांची भीती वाटत नाही. आणि तिसरी म्हणजे फ्लोराइडासारखे विरघळलेले क्षार, जे दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत आणि वर्षानुवर्षे शरीरात साठत राहतात. या तिघांना एकच औषध लागू पडत नाही. म्हणूनच विजेवाचून पाणी शुद्ध करण्याच्या सगळ्या रीतींकडे एकेक स्वतंत्र चमत्कार म्हणून न पाहता, पाणी निवळणे, ते निर्जंतुक करणे आणि निर्जंतुक झालेले पाणी ओठाला लागेपर्यंत राखणे, अशा तीन कामांची साखळी म्हणून पाहिले, तरच कोणती रीत कोठपर्यंत पुरते आणि कोठे दगा देते याचा उलगडा होतो.

यांपैकी निवळण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करण्याची जी सात साधने सांगितली आहेत, त्यांत कमळाचा कंद, शेवाळाचे मूळ, मोती व मणी यांच्या पंक्तीला वस्त्र आणि कतकाचे बी, म्हणजे आपली निवळी, यांना स्थान आहे. निवळीचे बी घागरीच्या आतल्या अंगाला उगाळून त्यात पाणी भरले की काही वेळाने गाळ तळाशी बसतो. नाईलच्या काठच्या सुदानी स्त्रिया हेच काम शेवग्याच्या बिया कुटून साधत असत. तुरटीचा खडा घेऊन तो हंड्यातल्या पाण्यात चार-सहा वेळा फिरवणे ही तर आपल्या घरोघरची परिचित क्रिया. तिच्यामागील कारण असे की, मातीचे अतिसूक्ष्म कण ऋण विद्युद्भाराचे असल्यामुळे एकमेकांना दूर लोटीत राहतात आणि म्हणून तासन्‌तास तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियमचा धन भार हा विरोध नाहीसा करतो, कण एकमेकांना बिलगून त्यांचे पुंजके होतात आणि ते स्वतःच्या वजनाने खाली बसतात. बसताना ते आपल्याबरोबर पुष्कळसे जंतूही घेऊन जातात. पण सगळे नेत नाहीत. स्फटिकासारखे स्वच्छ झालेले पाणी प्राणघातक असू शकते, ही गोष्ट लोकांना पटवणे जलशुद्धीच्या साऱ्या व्यवहारातील सर्वांत कठीण काम आहे, कारण तेथे डोळ्यांची साक्ष आपल्या विरुद्ध जाते.

वस्त्राचे सामर्थ्य मात्र आपण उलट दिशेने कमी लेखत आलो आहो. आज साठीच्या पुढे असलेल्या मराठवाड्यातील वा विदर्भातील माणसाला नारू हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पायाला फोड यावा, तो पाण्यात बुडताच फुटावा आणि त्यातून दोऱ्यासारखा, दोन-तीन फूट लांबीचा जंत हळूहळू बाहेर पडावा, तो तुटू नये म्हणून काडीला रोज थोडाथोडा गुंडाळीत बसावे, आणि ऐन पेरणीच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस खाटेवर पडून राहावा, अशी ती व्याधी. तिचे सारे चक्र पायऱ्यांच्या विहिरीवर, म्हणजे बारवेवर अवलंबून होते. रोगी पाणी भरायला पाण्यात उतरला की जंताची असंख्य पिल्ले पाण्यात सुटत, त्यांना सायक्लॉप्स नावाचा, नुसत्या डोळ्याला ठिपक्याएवढा दिसणारा पाणकिडा गिळी, आणि तो किडा ज्याच्या पोटात जाई त्याच्या पायातून सुमारे वर्षभराने नवा नारू डोके वर काढी. या रोगावर लस नाही, गुणकारी औषधही नाही. आणि तरीही तो या देशातून समूळ गेला. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे, पाण्यात किड्यांचे नाशक औषध टाकणे आणि पिण्याचे प्रत्येक घोटभर पाणी फडक्याने गाळून घेणे, या तीन उपायांवर १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. अखेरचा रोगी १९९६ च्या जुलैत राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. एवढ्या मोठ्या विजयात फडक्याचा वाटा लहान नव्हता.

बांगलादेशात अमेरिकन शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फडक्याचा आणखी एक गुण सिद्ध केला. पटकीचे जंतू तळ्याखाडीच्या पाण्यात सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात, हे ओळखून त्यांनी मतलब भागातील गावांतल्या स्त्रियांना जुन्या सुती साडीच्या घड्या घालून तीतून पाणी गाळण्यास शिकविले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या गावांतील पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने उतरले. साडी जुनीच हवी, कारण पुनःपुन्हा धुतल्याने धाग्यांचे तंतू सुटून विणीतील छिद्रे बारीक होतात. आणि घड्या निदान चार तरी हव्यात. तथापि कापडाने अडतो तो जलचर आणि त्याला चिकटलेला जंतू. सुटा जंतू कापडातून बिनबोभाट पलीकडे जातो.

सुटा जंतू अडवण्याची करामत वाळूला साधते, आणि ती कशी साधते हे पाहण्यासारखे आहे. जेम्स सिम्प्सन या अभियंत्याने १८२९ साली लंडनच्या चेल्सी भागात थेम्सचे पाणी वाळूच्या थरांतून संथपणे झिरपवण्याची व्यवस्था केली, तेव्हा जंतूंचे ज्ञान कोणालाच नव्हते. पाणी निवळावे एवढाच हेतू होता. पुढे १८९२ साली जर्मनीत एल्ब नदीकाठच्या हांबुर्ग शहरात पटकीने साडेआठ हजारांहून अधिक बळी घेतले, आणि त्याला लागूनच असलेले आल्टोना शहर बहुतांशी बचावले. आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हांबुर्गची घाण पोटात घेऊन येणारे पाणी पिणारे. परंतु ते पाणी वाळूतून गाळून घेणारे. दोन्ही शहरांच्या हद्दीवरील एकाच रस्त्याच्या एका बाजूला प्रेते निघत होती आणि दुसऱ्या बाजूला व्यवहार सुरळीत चालू होते. रोबर्ट कॉखने या विलक्षण पुराव्याचे मर्म ओळखून वाळूची महती जगापुढे मांडली. वाळूच्या पृष्ठभागावर दोन-तीन आठवड्यांत जीवाणू, शैवाल व इतर सूक्ष्म जीवांचा एक बुळबुळीत थर जमतो, आणि रोगजंतूंना खरा अटकाव हा जिवंत थर करतो. वाळू त्याची बैठक. म्हणून तो सुकू देता कामा नये, पाणी भसाभस ओतून विसकटता कामा नये, आणि गाळण्याचा वेग तासाला वीतभराच्या आत राखला पाहिजे. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाचे डेव्हिड मॅन्झ यांनी हेच तत्त्व १९९० नंतरच्या दशकात घरगुती आकाराच्या काँक्रीटच्या उभ्या पेटीत उतरविले. वापर नसतानाही वाळूवर सुमारे पाच सेंटिमीटर पाणी उभे राहील, अशा उंचीवर तिची नळी काढलेली असते, म्हणजे तो थर ओलाही राहतो आणि त्याला हवाही मिळते. उन्हाळ्यात आटलेल्या नदीच्या पात्रात झिरा खणून त्यातले पाणी वाटीवाटीने भरणारी आदिवासी स्त्रीदेखील निसर्गाने गाळलेलेच पाणी घेत असते. मात्र तो झिरा उघडा, आणि त्याच पात्रात गुरे उतरतात, ही त्यातली मेख आहे.

आता निर्जंतुक करण्याच्या कामाकडे वळू. उकळणे हा त्यातील सर्वश्रेष्ठ उपाय, कारण विषाणू, जीवाणू आणि क्लोरिनलाही सहजी दाद न देणाऱ्या आमांशाच्या कोशिका, यांपैकी कोणीही उकळीपुढे टिकत नाही. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते. वीस-वीस मिनिटे उकळत ठेवण्याची जी प्रथा अनेक घरांत आहे, तिने जंतू अधिक मरत नाहीत, सरपण मात्र अधिक जळते. वास्तविक रोगजंतू सत्तर अंशांच्या आसपासच नाहीसे होतात, आणि दूध पाश्चरित करण्याची क्रिया याच आधारावर उभी आहे. परंतु चुलीपाशी तापमापक नसल्याने उकळी हीच सर्वांना दिसणारी, निःसंदिग्ध खूण मानणे शहाणपणाचे. उकळण्यातील खरी अडचण शास्त्रीय नसून आर्थिक आहे. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला केवळ पिण्यासाठी दिवसाकाठी पंधरा-वीस लिटर पाणी लागते. ते तीन दगडांच्या चुलीवर रोज उकळावयाचे म्हणजे सरपणाची आणखी एक मोळी डोक्यावरून आणणे आले, तिचा धूर त्याच बाईच्या छातीत जाणे आले. आजारी माणूस, तान्हे मूल आणि बाळंतीण यांच्यापुरते पाणी उकळावे, हा सल्ला पाळला जातो. घरातल्या सर्वांसाठी उकळा, हा सल्ला ऐकून सोडून दिला जातो.

सरपणाचा खर्च नाही, असा अग्नी आकाशात आहे. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील आफ्तिम आक्रा यांनी जलसंजीवनीचे द्रावण निर्जंतुक करण्यासाठी उन्हाचा उपयोग होतो, हे १९८० साली दाखविले, आणि १९९१ पासून स्वित्झर्लंडमधील एका जलसंशोधन संस्थेने त्या प्रयोगाला घरगुती रीतीचे नेमके रूप दिले. रीत अशी: बिनरंगाची, दोन लिटरपर्यंतची प्लास्टिकची बाटली घेऊन तिचा कागद सोलून टाकावा, ती निवळ पाण्याने भरून झाकण घट्ट लावावे आणि सकाळी पत्र्यावर आडवी ठेवावी. लख्ख उन्हात सहा तासांत, आणि आभाळ अर्ध्याहून अधिक भरलेले असेल तर लागोपाठ दोन दिवसांत, सूर्याचे अतिनील किरण जंतूंना निष्प्रभ करतात. पाणी पन्नास अंशांपलीकडे तापले तर किरण आणि उष्णता मिळून हे काम अधिकच त्वरेने होते. पाणी पुरेसे निवळ आहे की नाही, याची परीक्षाही साधी आहे. भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी करून वरून पाहावे; पाण्यातून मथळा वाचता आला नाही, तर किरणही तळापर्यंत पोहोचणार नाहीत. माघापासून ज्येष्ठाच्या आरंभापर्यंत सातपुड्यात वा मेळघाटात ऊन मुबलक असते आणि तेवढे महिने ही रीत उत्तम चालते. परंतु आपल्याकडे पोटाच्या साथी येतात त्या बहुधा मृगाच्या पहिल्या सरींबरोबर, जेव्हा रानातली आणि पाणवठ्याकाठची सारी घाण वाहून विहिरीत उतरते. आणि नेमक्या त्याच दिवसांत ऊन दिसत नाही व सरपणही ओले असते. ज्या ऋतूत शुद्धीची निकड सर्वाधिक, त्या ऋतूत सूर्य आणि अग्नी दोघेही हात टेकतात.

तेव्हा पावसाळ्याचा भार येतो तो क्लोरिनवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आग्र्याचे रासायनिक परीक्षक अर्नेस्ट हँकिन यांनी पटकीच्या विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा परिपाठ घातला. विहिरीचे पाणी जांभळट-गुलाबी झालेले पाहिल्याच्या आठवणी जुनी माणसे सांगत. ते औषध पटकीला मारी, पण इतर जंतूंवर त्याची मात्रा फारशी चालत नसे, म्हणून ते मागे पडले आणि त्याची जागा विरंजक चुन्याने, म्हणजे ब्लीचिंग पावडरने घेतली. ग्रामपंचायतीच्या भाषेत हीच टीसीएल पावडर. ताज्या पुडीत उपयोगी क्लोरिनचे प्रमाण सुमारे तेहतीस टक्के असते. पण पोते उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले की ते झपाट्याने घटते. गावात टीसीएल टाकूनही साथ आली, अशी तक्रार होते तेव्हा दोष पुष्कळदा पुडीच्या जातीचा नसतो, ती ज्या खोलीत वर्षभर पडून होती त्या खोलीचा असतो.

पूड किती टाकावी, हे डोळ्यांच्या अंदाजाने ठरविता येत नाही, कारण पाण्यातील सेंद्रिय घाण स्वतःच क्लोरिन खाऊन टाकते आणि तिची भूक भागल्यावर जो उरेल तोच जंतूंच्या वाट्याला येतो. ही भूक मोजण्याची हॉरॉक्स या ब्रिटिश लष्करी वैद्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रचारात आणलेली पेटी आजही सार्वजनिक आरोग्याच्या पाठ्यक्रमात शिकविली जाते. तीत प्रत्येकी दोनशे मिलिलिटरचे सहा पांढरे कप आणि एक काळा कप असतो. काळ्या कपात सपाट चमचाभर, म्हणजे दोन ग्रॅम पूड कालवून आतल्या रेघेपर्यंत पाणी भरावे. पांढऱ्या कपांत विहिरीचे पाणी घेऊन त्यांत त्या द्रावणाचे अनुक्रमे एक, दोन, तीन असे सहापर्यंत थेंब सोडावे, ढवळावे आणि अर्धा तास थांबावे. मग प्रत्येक कपात स्टार्च-आयोडाइडाचे तीन थेंब टाकले की, ज्या कपात प्रथम स्पष्ट निळा रंग उमटेल त्या कपाचा क्रमांक म्हणजे ४५५ लिटर पाण्याला लागणारे चमचे. आता समजा, विहिरीचा व्यास तीन मीटर आणि पाण्याची खोली चार मीटर आहे. व्यासाचा वर्ग, खोली आणि ७८५ यांचा गुणाकार केला की पाणी सुमारे २८ हजार लिटर भरते. पहिल्याच कपात निळा रंग आला तर या विहिरीला सुमारे १२५ ग्रॅम पूड पुरेल; तिसऱ्या कपात आला, तर पावणेचारशे ग्रॅम लागेल. एकाच विहिरीला कोरड्या दिवसांत आणि पहिल्या पावसानंतर लागणाऱ्या मात्रेत एवढी तफावत पडू शकते. मागल्या महिन्याच्या हिशेबाने पूड टाकणारा मनुष्य हुकूम बजावीत असतो, पाणी शुद्ध करीत नसतो.

ती टाकण्याचीही रीत आहे. पूड बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ द्रावणच पोहऱ्याने विहिरीत खोल सोडून दोर वरखाली हलवीत ते सर्वत्र मिसळावे. चुन्याचा साका विहिरीत जाऊ देऊ नये, त्याने पाणी जड होते. निदान एक तास कोणी पाणी भरू नये, म्हणून हे काम रात्री, पाणवठा निजल्यावर करणे सोयीचे. मग परीक्षानळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले असता पिवळा रंग आला, म्हणजे जंतू मारून उरलेला क्लोरिन पाण्यात आहे. हा उरलेला अंश, लिटरला ०.२ मिलिग्रॅम का होईना, फार मोलाचा. कारण उकळलेल्या किंवा उन्हात ठेवलेल्या पाण्यात नंतर बोट बुडाले तर त्याला संरक्षक कोणी नसतो, क्लोरिनचे पाणी मात्र आपला पहारेकरी बरोबर घेऊन घरात येते.

रोज पूड टाकायला माणूस नसेल अशा लहान आडांसाठी नागपूरच्या संशोधन संस्थेने, जी १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून स्थापन झाली आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते, एक अत्यंत नामी युक्ती काढली. कुंभाराकडची दोन मडकी घ्यावयाची, एक दुसऱ्यात बसेल अशी. आतल्या मडक्याला काठाजवळ आणि बाहेरच्याला तळापासून चार सेंटिमीटर उंचीवर एकेक सेंटिमीटरचे भोक पाडायचे. आतल्यात एक किलो पूड आणि दोन किलो जाडी वाळू ओलसर कालवून भरायची, बाहेरच्याचे तोंड प्लास्टिकने बांधायचे आणि ही जोडी दोराने पाण्याखाली निदान मीटरभर सोडून द्यायची. दोन भोकांच्या वाटेने क्लोरिन इतक्या सावकाश झिरपतो की सुमारे साडेचार हजार लिटरांच्या घरगुती आडाला ती दोन-तीन आठवडे पुरते. कुंभार, वाळू, दोर आणि पूड, याखेरीज तीत काही नाही.

तिसऱ्या शत्रूपुढे, म्हणजे विरघळलेल्या क्षारांपुढे मात्र ही सारी आयुधे बोथट ठरतात. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांच्या खोल कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमपलीकडे गेले की ते मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटवते आणि पुढे हाडे व सांधे आखडवते. असे पाणी उकळल्यास वाफ निघून जाते, फ्लोराइड मागे राहते, आणि पाणी उलट अधिक वाईट होते. त्यावर नीरीनेच आजच्या तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी रीत बसविली: तळापासून किंचित उंच तोटी असलेल्या बादलीत चुना, तुरटी आणि थोडी ब्लीचिंग पावडर टाकून ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे आणि वरचे पाणी तोटीने काढून घ्यायचे. मात्रा पाण्याच्या परीक्षणाप्रमाणे ठरते आणि खालचा साका पाणवठ्यापासून दूर टाकावा लागतो. जेथे दुसरा निर्दोष झरा वा उथळ विहीर उपलब्ध असेल, तेथे पिण्यापुरते तेच पाणी शुद्ध करून वापरणे अधिक सोपे.

शुद्ध झालेले पाणी राखणे हे तिसरे काम, आणि साखळी बहुधा तुटते ती येथेच. कळशीतून माठात, माठातून पेल्यात, असा पाण्याचा प्रवास चालू असताना ओल्या मातीने भरलेली पोराची बोटे एकदा जरी त्यात बुडाली, तरी विहिरीवरचे सगळे श्रम वाया जातात. आपल्या जुन्या घरांत पिण्याच्या पाण्याला लांब दांड्याचे ओगराळे असे, आणि ते टांगून ठेवण्यास खुंटीही असे. आज माठाला तोटी बसविली तर ओगराळ्याचीही गरज उरत नाही. तांब्याच्या भांड्यात रात्रभर पाणी ठेवण्याच्या आपल्या परंपरेलाही प्रयोगाचा आधार मिळाला आहे. पटकी, विषमज्वर व अतिसार यांचे जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवल्यावर त्यात एकही जिवंत जंतू सापडला नाही, असे भारतीय संशोधकांनी २०१२ साली नोंदविले. मात्र तो प्रयोग मोजक्या, निवळ पाण्यावरचा आहे. वारंवार भरल्या-उपसल्या जाणाऱ्या हंड्याला सोळा तासांची उसंत मिळत नाही, हे विसरून चालणार नाही.

पाणी उघड्यावर येऊच न देणे हा राखण्याचाच आणखी एक प्रकार. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांत घडलेल्या हातपंपांच्या अनुभवातून १९७० नंतरच्या दशकात जो मार्क-दोन हातपंप तयार झाला आणि देशभर लाखोंनी बसविला गेला, तो विजेवाचून चालणारा व पाण्याला हात न लावू देणारा. या हापशाभोवतीचा ओटा फुटला, सांडपाण्याचे डबके त्याच्या पायाशी साचले, की तोच हापसा घाण जमिनीत परत मुरवू लागतो. म्हणून ओट्याची डागडुजी ही गवंड्याची किरकोळ बाब न मानता आरोग्याची बाब मानली पाहिजे.

हे सारे पाहिल्यावर एक गोष्ट निर्विवाद ठरते की, दुर्गम भागातील जलशुद्धीचा प्रश्न विजेअभावी अडलेला नाही. अडतो तो सातत्यापाशी. राज्यात ग्रामपंचायतींनी नेमलेले जलसुरक्षक आहेत. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाणवठ्यांची पाहणी करून गावांना लाल, पिवळी वा हिरवी कार्डे देण्याची पद्धत आहे. गावातील पाच स्त्रियांना पाणीतपासणीचे संच देऊन शिकविण्याची योजना आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेली, विष्ठेने दूषित झालेले पाणी भरून ठेवताच काळी पडणारी छोटी बाटलीही या कामी उपलब्ध आहे. तिला प्रयोगशाळा लागत नाही, आणि काळा रंग अक्षरशत्रूलाही समजतो. साधने आहेत, विद्या आहे, नेमणुकाही आहेत; पण आषाढातल्या संततधार पावसात, मानधन थकलेले असताना, त्या विहिरीवर जाऊन सहा कप मांडून अर्धा तास बसण्याचा कंटाळा ज्याने करू नये अशी अपेक्षा आहे, त्याची बूज राखणारी तजवीज मात्र दप्तरात क्वचितच आढळते.

तेव्हा एखाद्या पाड्याच्या शुद्ध पाण्याची दरखास्त पुढे येईल, तेव्हा तीत यंत्राच्या रकान्याआधी माणसाचा रकाना असावा. पूड टाकणार कोण, तो आजारी पडला तर त्याचे काम कोणाकडे, पुढील चार महिन्यांची पूड वाट बंद होण्यापूर्वी, म्हणजे मेअखेर, गावात कोरड्या जागी पोहोचली काय, आणि तिच्या वाहतुकीचे व त्याच्या मेहनतान्याचे पैसे कोणत्या खात्यातून निघणार, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या कागदावर लिहिलेली नसतील, त्या दरखास्तीत कितीही किमती यंत्र नमूद असले तरी ती मंजुरीस पात्र समजू नये. आणि ज्या कागदावर ही उत्तरे असतील, तेथे वीज येईपर्यंत थांबण्याचे कोणालाही कारण उरत नाही.